भाकर कुठून आली?

माझी माय आता ७८ वर्षांची आहे. मागच्या दिवाळीनंतर तिला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, "आजी, गहू-तांदूळ कमी करा. ज्वारीची भाकर खा, बाजरी खा. तुमचं जुनं खाणंच चांगलं होतं." माय तिथं काही बोलली नाही. घरी आल्यावर पायरीवर बसली नि म्हणाली, "त्याला काय ठावं रे बाबा, माझं जुनं खाणं?"

त्या जुन्या खाण्याबद्दलच मला लिहायचं आहे. कारण सध्या शहरात त्याची मोठी हवा आहे. २०२३ साल संयुक्त राष्ट्रसंघानं भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. आपल्या सरकारनं ज्वारी, बाजरी, नाचणीला 'श्री अन्न' असं नाव दिलं. मी नोकरीला आहे त्या शहरात दर रविवारी सेंद्रिय बाजार भरतो. चांगल्या घरातली माणसं टोपलीत हात घालून विचारतात, हे कुठून आलं? किती लांबून आलं? जवळचं ते चांगलं, जुनं ते चांगलं, बिनऔषधाचं ते चांगलं. हे सगळं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण तो प्रश्न ऐकला की मला हसू येतं, आणि हसता हसता घशात काहीतरी अडकतं. भाकर कुठून आली, हा प्रश्न आमच्या घरात फार जुना आहे. आम्ही तो किलोमीटरनं मोजत नव्हतो. कुणाच्या दारातून आली, एवढंच विचारायचो.

माझ्या आजोबाकडं येसकराची पाळी असायची. गावाचा निरोप पोचवायचा, सरपण फोडायचं, मेलेलं ढोर गावाबाहेर ओढायचं. त्याच्या बदल्यात सुगीला बलुतं नि सांजच्याला भाकर. आजी पाटी घेऊन दारोदार हिंडायची. भाकर हातात देत नव्हते, वरून टाकत होते. ज्वारीचा तुकडा, बाजरीचा तुकडा, कुठं शिळा, कुठं करपलेला. उरलेले तुकडे वाळवून ठेवायचे आणि पावसाळ्यात पाण्यात रटरटून मीठमिरची टाकून खायचे. मायचं लहानपण त्या तुकड्यांवर गेलं.

आता बघा मित्रांनो. ते धान्य त्याच शिवारातलं. खत शेणाचं. औषधाचा थेंब नाही. ट्रक नाही, टेम्पो नाही, गोणीवर छाप नाही. अन्नाचा एक कण वाया जात नव्हता, कारण वाया जाण्याजोगं जे होतं ते आमच्याकडं येत होतं. मेलेलं जनावरसुद्धा वाया जात नव्हतं. आमची माणसं त्याच्या चान्या करून वाळवत होती. आजच्या बाजारात ह्या सगळ्यावर चिठ्ठ्या लावल्या तर एकही चिठ्ठी खोटी ठरणार नाही. स्थानिक, सेंद्रिय, पारंपरिक. आणि तरी १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आमच्या माणसांना सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्ट्या तुकड्यांवर जगणं सोडा. धान्यात काही खोट होती म्हणून नव्हे. ते ज्या रीतीनं मिळत होतं त्या रीतीत माणूस मरत होता म्हणून.

आमची पहिली अन्नचळवळ ही अशी होती, नको म्हणण्याची. हे ज्यांच्या पूर्वजांनी वरून टाकलं त्यांना सहज कळणार नाही.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा माय लग्न होऊन आलेली होती. ती खडी फोडायला जायची. तिथं सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो. मिलोची भाकर सगळ्यांना नकोशी होती. चव नाही, रंग कसला तरी. गावातली माणसं नाकं मुरडायची, जनावराचं खाणं म्हणायची. माय आजही सांगते, "वंगाळ व्हती. पर माझ्या हजरीच्या पैशाची व्हती. दुकानात पिशवी पुढं केली, त्यानं मापून घातली. वरून न्हाई टाकली." सातासमुद्रापलीकडची भाकर तिला गावच्या भाकरीपेक्षा जवळची वाटली. तिच्या गव्हाच्या पोळीचंही तेच आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य हक्कानं मिळू लागलं, ते बहुतेक गहू नि तांदूळ. डॉक्टरला त्यात साखर दिसते. मायला कार्डावरचं नाव दिसतं.

म्हणून 'गावचं अन्न' असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, गावात कुठलं? गावाला कूस आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याची पूजा करणाऱ्यांना सुनावलं, की ही खेडी म्हणजे संकुचितपणाचं डबकं आहे. आजच्या स्थानिक अन्नाच्या यादीतही आमचं ताट बसत नाही. थालीपीठ बसतं, हुरडा बसतो, पुरणपोळी बसते. आमच्या चान्या, आमची वजडी बसत नाही. २०१५ पासून तर बैल कापणंसुद्धा राज्यात गुन्हा आहे. स्थानिक म्हणजे कुणाचं, हे आधीच ठरलेलं असतं.

बाबासाहेब यंत्राच्या विरोधात नव्हते. १९१८ साली लहान शेतजमिनींवर लिहिताना त्यांनी दाखवून दिलं, की शेतीवर लोंबकळणाऱ्या जादा माणसांना कारखानदारीत काम मिळाल्याशिवाय शेती सुधारणार नाही. पुढं १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती हा सरकारी उद्योग करा अशी मागणी केली. जमीन सरकारची, ती गावातल्या माणसांनी जातपात न बघता सामुदायिक पद्धतीनं कसायची, पाणी, अवजारं, खत, बियाणं सरकारनं पुरवायचं. जमीनदार नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूर नाही. यंत्रानं माणसाला उसंत मिळते, वाईट आहे ती मालकीची व्यवस्था, असंच त्यांचं म्हणणं होतं.

हे वाचून मी बरीच वर्षं छातीठोक बोलत होतो. सेंद्रियवाले म्हणजे पांढरपेशे, त्यांना खेडं पुन्हा जुनं करायचंय. आपण ट्रॅक्टरच्या बाजूनं, युरियाच्या बाजूनं, हायब्रीडच्या बाजूनं. टाळ्या मिळायच्या.

मग २०१७ साल आलं. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी नि शेतमजूर मेले. शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, फवारा तोंडावर येत होता, हातात मोजे नाहीत, तोंडावर धड फडकं नाही. बोंडअळीला भिण्याचं कारण नाही असं सांगून २००२ पासून ज्या बीटी बियाण्याला परवानगी दिली, त्या बियाण्याला गुलाबी बोंडअळी जुमानत नव्हती. म्हणून औषधावर औषध.

त्याच हंगामात आमच्या परभणी जिल्ह्यात माझा थोरला भाऊ दुसऱ्याच्या कपाशीत रोजानं फवारत होता. तिसऱ्या दिवशी त्याला समोरचं दिसेना. ओकाऱ्या, तोंडाला फेस. वहिनीनं नि वस्तीतल्या पोरांनी जीपमध्ये घालून नेला. वाचला. पण अजून उन्हात गेला की डोळ्यांपुढं धूर येतो म्हणतो. शेताचा मालक भेटायला आला होता. म्हणाला, "मी त्याला सांगितलं होतं, वाऱ्याच्या दिशेनं फवार म्हणून."

दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून मी विचार करत होतो. आजोबाच्या खांद्यावर मेलेलं ढोर होतं, दादाच्या पाठीवर पंप आहे. शेती नवी झाली, खांदा तोच राहिला. मग मी टाळ्या कशासाठी घेत होतो?

उसाचं तेच. राज्याच्या लागवडीत उसाची जमीन अगदी थोडी, पण सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी तोच पितो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीनं पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली. तो ऊस तोडायला उचल घेऊन कोण जातं? नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात. खाडा झाला तर दंड. पाळीत खाडा नको म्हणून गर्भाशयच काढून टाकणाऱ्या बाया ह्या महाराष्ट्रात आहेत. २०१९ मध्ये सरकारी समितीनं एकट्या बीड जिल्ह्यात अशा १३ हजारांहून जास्त ऊसतोड बाया मोजल्या. ही यंत्राची उसंत नव्हे. बाबासाहेबांनी मागितलेल्या शेतीतली मालकीची अट काढून टाकली आणि नुसतं खत, बियाणं, विष ठेवलं, तर हे असं होतं.

म्हणजे जुनी भाकर वरून टाकलेली आणि नवी भाकर विषाची. मग माणसानं कुणाच्या बाजूनं उभं राहायचं?

सेंद्रियवाले म्हणतात, तणनाशक मारू नका, हातानं खुरपा. मी विचारतो, हात कुणाचे? वहिनी वीस वर्षं दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली. तिची कंबर सरळ होत नाही. पण तणनाशक आल्यावर तिला सुटका वाटली असं समजू नका. कंबर वाचली नि हजेरी गेली. पूर्वी ज्वारी काढायला गेलं की मजुरी धान्यात मिळायची, वर सरवा वेचता यायचा. घरात दोन-तीन महिन्यांचं खाणं पडायचं. आता सोयाबीन. त्याची मजुरी नोटांत, आणि सोयाबीन काही चुलीवर शिजवून पोराला घालता येत नाही. मालकानं काय पेरलं ह्यावर मजूर काय खाईल हे ठरतं. त्याला कुणी विचारत नाही.

आमचं दोन एकर गायरान आहे. बापानं दगड वेचून ते वहितीला आणलं. १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीनांची अशी अतिक्रमणं कायम करावीत असा १९९१ चा सरकारी निर्णय आहे. आमची फाईल अजून फिरते आहे. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. २०२२ मध्ये गायरानं मोकळी करा असा उच्च न्यायालयाचा आदेश झाला, तेव्हा दादाच्या हातात नोटीस पडली.

नोटीस अजून खुंटीलाच होती नि एका संस्थेची माणसं वस्तीत आली. चांगली माणसं होती, मी त्यांना नावं ठेवणार नाही. म्हणाली, रासायनिक सोडा, शेणखत घाला, बांधावर झाडं लावा, तीन-चार वर्षांत जमीन जिवंत होईल. दादा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, समदं पटतंय. पर जमीन जित्ती होईस्तवर ती माझ्याकडं राहील का, तेवढं सांगा."

ह्या प्रश्नावर मी तेव्हापासून अडकलो आहे. टिकणारी शेती म्हणजे उद्यासाठी आज काही ठेवणं. ज्याचा उद्या त्याच्या हातात नाही, त्याला तुम्ही हे कसं सांगणार? आंबा तोच लावतो ज्याला पाच वर्षांनी आपण इथंच असू अशी खात्री आहे. बाकीचा माणूस तीन महिन्यांचं पीक घेतो, औषध मारतो, हाती येईल ते घेऊन मोकळा होतो. तो जमिनीचा वैरी नसतो, त्याला जमिनीचा सोबती होऊ दिलेलं नसतं. ह्या देशात सगळ्यात टिकाऊ निघाली ती जात. ती टिकवून माती टिकवायची म्हणणाऱ्यांचं मला ऐकायचं नाही. आणि जातीच्या रागानं मातीत विष ओतायलाही मी आता तयार नाही, कारण ते विष आधी आमच्याच फुप्फुसात जातं.

दादानं विचारलं, "तू शिकलेला. सांग, काय पेरू?" त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. सकाळी आम्ही तिघांनी बसून ठरवलं. एका एकरात सोयाबीन, कारण पोरीची फी रोकडीत भरावी लागते. दुसऱ्या एकरात ज्वारी, तूर, मूग, घरापुरतं. त्यात औषध नाही. खुरपणी वहिनीनं वस्तीतल्या बायांबरोबर सावडीनं केली. आज हिच्या रानात, उद्या तिच्या. कंबर तेव्हाही दुखली. पण बांधावर उभं राहून हाकारणारा कुणी नव्हता. हे मोठं उत्तर आहे असं मी म्हणत नाही. सातबारा अजून नाहीच. नोटीस मागं घेतल्याचा कागदही नाही.

पण बाजारात गेलो की मी आता माझे प्रश्न विचारतो. शेत कुणाच्या नावावर? पंप कुणाच्या पाठीवर होता, खुरपं कुणाच्या हातात होतं? त्याच्या घरात हेच धान्य शिजतं का? विकणारा गोंधळतो. पिशवीवर 'गावाकडची चव' एवढंच छापलेलं असतं. ज्या भाकरीला ह्या प्रश्नांची नीट उत्तरं देता येतील, ती लांबून आली तरी मी तिला जवळची म्हणेन.

सुगी झाल्यावर दादानं दोन पायल्या ज्वारी पाठवली. बायकोनं भाकरी थापल्या. मायनं तुकडा हातात धरला नि विचारलं, "कुठून आली?"

म्हटलं, "आपल्या गायरानातली. दादानं पेरलेली."

तिनं सावकाश खाल्ली. एक भाकर उरली. बायको ती उचलून ठेवायला लागली तर माय म्हणाली, "राहू दे सूनबाई, झाकून ठेव. सकाळी खाईन. आपलीच शिळी हाय."