टळलेले संकट आणि आपले कर्तव्य



अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑस्टिन नावाचे शहर आहे. ४ फेब्रुवारी २०२३ रोजी सकाळी तेथील विमानतळावर दाट धुके पडले होते. फेडेक्स कंपनीचे एक मालवाहू विमान उतरण्याची परवानगी घेऊन खाली येत होते. नियंत्रकाने त्याच धावपट्टीवरून साउथवेस्ट कंपनीच्या प्रवासी विमानालाही उड्डाणाची परवानगी दिली. धुक्यामुळे त्याला धावपट्टी दिसत नव्हती. शेवटच्या क्षणी मालवाहू विमानाच्या वैमानिकांना पुढे दुसरे विमान असल्याचे दिसले आणि त्यांनी आपले विमान पुन्हा वर उचलले. तेव्हा दोन विमानांत दोनशे फुटांहूनही कमी अंतर उरले होते. दोहोंत मिळून १३१ माणसे होती. कोणाला साधे खरचटलेही नाही.

अशी बातमी वाचली की आपण "देवाने वाचवले" असे म्हणतो आणि पान उलटतो. ते म्हणणे खरेच आहे. परंतु तेवढ्याने आपले काम संपते काय? जो अनर्थ घडलाच नाही, त्याबद्दल कोणी उत्तर द्यावे काय? हा प्रश्न आम्हांस फार वर्षे छळीत आला आहे. त्याचे कारण विमानाचे नाही, ते आमच्या स्वतःच्या नोकरीतले आहे.

इस्राएलात आल्यावर आम्ही एका शाळेत शिक्षक होतो. एके वर्षी मुलांना सहलीसाठी नेगेवमध्ये नेले होते. एका उंच कड्याशी मुले उभी असता एका मुलाचा पाय दगडांवरून घसरला. त्याच्या पाठीवरील पिशवीचा पट्टा आमच्या हाती आला म्हणून तो वाचला. त्या जागी कठडा नव्हता. आम्ही त्याला उराशी धरले, पाणी पाजले आणि सांगितले, "बाळा, घरी काही बोलू नकोस, आई उगीच घाबरेल." खरे पाहता घाबरलो होतो आम्ही. मुख्याध्यापक काय म्हणतील, पालक काय म्हणतील, या भीतीने आम्ही तोंड मिटले. पुढे त्या कड्यावर इतर वर्ग जात राहिले. काही वर्षांनी तेथे कठडा बांधला गेला. मधल्या काळात आमच्या शाळेचे कोणी पडले नाही. मग आमचे काय चुकले, असे कोणी म्हणेल. आम्हीही स्वतःशी तसेच म्हणत होतो.

परंतु पुढे एक हकीकत वाचनात आली. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे एक विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत असता व्हर्जिनियातील एका डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९२ माणसे मरण पावली. नियंत्रकाच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला, नियंत्रकाच्या मनात दुसराच होता. चौकशीत असे दिसून आले की सुमारे सहा आठवडे आधी युनायटेड कंपनीचे एक विमान तेथेच असेच थोडक्यात वाचले होते. त्या वैमानिकांनी ते आपल्या कंपनीला कळवले आणि कंपनीने आपल्या वैमानिकांना सावधही केले. दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांपर्यंत मात्र ती गोष्ट पोहोचली नाही.

वाचकहो, येथे आमचे मन अडकते. ते वैमानिक बोलले, तरी ९२ माणसे गेली. आम्ही गप्प बसलो, तरी कोणी गेले नाही. केवळ परिणाम पाहावा तर आम्हीच निर्दोष ठरतो! हा हिशेब उघडच चुकीचा आहे. ज्या मुलांचे पाय घसरले नाहीत, ते त्यांचे नशीब. ते नशीब आमच्या नावावर जमा कसे करावे? माणसाची परीक्षा त्याला जे कळले आणि त्याने त्याचे जे केले, त्यावर व्हावी.

त्या अपघातानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत एक व्यवस्था सुरू झाली. वैमानिक वा नियंत्रक आपली चूक किंवा टळलेले संकट नासा या संस्थेला लिहून कळवतात. कळवणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते. चूक जाणूनबुजून केलेली नसेल आणि दहा दिवसांच्या आत कळवली असेल तर बहुधा दंडही माफ होतो. मात्र गुन्हा आणि प्रत्यक्ष अपघात यांना ही सवलत नाही.

काही जण म्हणतील, मग चुकणारा सुटलाच की! जपानने दुसरा मार्ग धरला. ३१ जानेवारी २००१ रोजी तेथे दोन विमानांची टक्कर थोडक्यात टळली. दोहोंत ६७७ माणसे होती, सुमारे शंभर जखमी झाली. शिकाऊ नियंत्रकाने एका विमानाऐवजी दुसऱ्याचा क्रमांक उच्चारला होता. हे प्रकरण नऊ वर्षे चालले आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची व त्याच्यावर देखरेख करणाऱ्या नियंत्रकाची शिक्षा कायम केली. जखमी झालेल्यांना न्याय हवा, हे आम्ही नाकारीत नाही. तरी आम्हांस आमचा कडा आठवतो. आमचे तोंड भीतीनेच मिटले होते. सांगणाऱ्याला शिक्षा झाली तर पुढचा सांगणार नाही, आणि त्याची किंमत भलताच कोणी मोजील. शिक्षेतून सूट मिळावी, जबाबदारीतून नव्हे. आणि सांगणे हीच पहिली जबाबदारी.

आपल्या धर्मात संकटातून सुटलेला माणूस हागोमेलची बराखा म्हणतो. ती एकट्याने घरी म्हणत नाहीत, दहा जणांसमक्ष म्हणतात. आम्हांस वाटते, त्यात एक शहाणपण आहे. चारचौघांत आभार मानले की कोणी तरी विचारतोच, "काय झाले होते हो?" तेथूनच दुसऱ्याचे रक्षण सुरू होते. नव्या घराच्या गच्चीला कठडा बांधावा, ही तोराची आज्ञाही कोणी पडण्याची वाट पाहत नाही.

तो मुलगा आज स्वतः बाप आहे. गेल्या वर्षी एका लग्नात भेटला तेव्हा आम्ही त्याची क्षमा मागितली. तो हसून म्हणाला, "सर, मी आईला त्याच रात्री सांगितले होते."

आम्हांपेक्षा तो शहाणा निघाला. आपल्या मोआदोनच्या ज्या पायरीवर तुमचा पाय घसरला असेल, तिच्याविषयी आजच कोणाला तरी सांगा.