कोतवालास कोणी विचारावे?

ज्याच्या हाती नगराने रक्षणाची काठी दिली, त्याजकडे त्या काठीचा हिशेब नगराने मागावा की मागू नये? शहराच्या पोलीसप्रमुखावर उघड टीका होऊ लागली की समाजात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, रक्षकाकडे बोट दाखविल्यास दलाचे मनोधैर्य खचेल आणि चोरांचे फावेल. दुसरा हाती येईल तो शब्द त्याच्या अंगावर भिरकावून मोकळा होतो. आम्हांस हे दोन्ही पक्ष एकाच आळसाची दोन रूपे वाटतात. पहिल्याला प्रश्न विचारण्याचे कष्ट नकोत आणि दुसऱ्याला उत्तर ऐकण्याचे.

या प्रश्नाची साक्ष शोधण्यास मराठी माणसाला दूर जावे लागत नाही. औरंगाबादेकडून पुण्यास आलेला घाशीराम सावळदास १७७७ साली नाना फडणिसांच्या मर्जीने पुण्याचा कोतवाल झाला. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या नाटकामुळे त्याचे नाव सर्वांच्या ओठी आले. परंतु नाटक ते नाटक, आम्ही येथे इतिहासापुरतेच बोलतो. पुण्याच्या कोतवालाकडे केवळ चोर धरण्याचे काम नव्हते. पेठापेठांच्या चावड्या त्याच्या हाताखाली असत. बाजारातील भावांवर त्याची नजर, शहरात आल्यागेल्याची नोंद त्याच्या दप्तरी, आणि रात्री तोफ झाल्यावर रस्त्यात सापडेल त्याला धरण्याचा अधिकारही त्याच्याच माणसांना. एवढी सत्ता एका हाती होती आणि ती चौदा वर्षे राहिली.

१७९१ च्या ऑगस्ट अखेरीस पुण्यात आलेल्या काही तेलंग ब्राह्मणांना कोतवालाच्या माणसांनी चोरीच्या संशयावरून धरले आणि एका कोंदट, अरुंद जागेत कोंडले. आत वारा नाही, बाहेर दाद नाही. मानाजी शिंदे फाकडे यांनी पुढाकार घेऊन कुलूप तोडविले, तेव्हा आतील वीसाच्या आसपास माणसे गुदमरून मेलेली आढळली. ते चोरच होते, असे कोतवालाने वर कळविले होते, असे त्या प्रकरणाच्या हकिगतींत येते. वार्ता शहरात पसरताच तेलंग ब्राह्मणांचा जमाव न्याय मागण्यास लोटला. अखेर घाशीरामास त्या जमावाच्या स्वाधीन करण्यात आले आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजी लोकांनी त्यास दगडांनी ठेचून मारले.

पुष्कळांना ही हकिगत ऐकून समाधान वाटते. जुलमी कोतवालास शासन झाले, न्याय झाला, असे ते म्हणतात. आम्हांस तसे म्हणवत नाही. कोंडण्याचा हुकूम कोणी दिला, आतील आक्रोश ऐकून पहारेकऱ्याने कुलूप का काढले नाही, सकाळी चौकशी करणे कोणाचे काम होते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर दगड देत नाही. उलट जो उत्तर देऊ शकला असता, त्याचे तोंड तो कायमचे बंद करतो. ज्या हाताने कोतवाल नेमला आणि चौदा वर्षे राखला, त्या हाताकडे तर कोणी पाहिलेही नाही. नानांचा कारभार त्यानंतरही चालू राहिला. कोतवाल गेला, पण कोतवालास विचारणारी व्यवस्था आली नाही. एका दिवसाच्या क्रोधात चौदा वर्षांचे मौन बुडून गेले, एवढेच.

त्या मौनाचा विचार आपण करावयास हवा. चौदा वर्षांत घाशीरामाच्या माणसांनी प्रथमच कोणास पीडा दिली असेल, असे मानणे कठीण आहे. मग शहर उठले ते त्याच दिवशी का? मृत्यूंचा आकडा मोठा होता, हे एक कारण. परंतु आणखी एक कारण आहे, आणि ते आपणांस अधिक लागू आहे. त्या दिवशी मेलेल्यांना त्यांचे आप्त होते, जात होती, एकजूट होती. त्यापूर्वी चावडीवर मार खाणाऱ्या एकट्यादुकट्याला ती नव्हती. आपल्या माणसाच्या अंगावर काठी पडली म्हणजे ती अन्याय, आणि परक्याच्या अंगावर पडली म्हणजे बंदोबस्त, हा हिशेब पुण्याबरोबर संपलेला नाही. आजही एखादा अधिकारी संशयितास कोर्टापुढे नेण्याऐवजी वाटेतच निकालात काढतो, तेव्हा त्याच्या गळ्यात हार घालणारे आपल्यांतूनच पुढे येतात. जो समाज परक्यांसाठी बेछूट काठी मागतो, त्याने ती आपल्या दारापर्यंत आल्यावर नवल करू नये. कुंपण शेत खाऊ लागते, ते पहिल्या दिवशी धन्याच्या डोळ्यांदेखत शेजाऱ्याच्या वाफ्यापासूनच.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कोठडी कनिष्ठाने लावली आणि वरिष्ठ घरी निजला होता, तर वरिष्ठाचा दोष कोणता? ‘मला ठाऊक नव्हते,’ हे उत्तर प्रत्येक काळच्या कोतवालाने दिले आहे आणि कित्येकदा ते खरेही असते. येथे दोष आणि दायित्व यांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. ज्याने कृत्य केले त्याचा तो दोष. ज्याच्या अधिकाराखाली ते घडू शकले, त्याचे ते दायित्व. आपले धर्मशास्त्र या बाबतीत विलक्षण स्पष्ट आहे. प्रजेच्या पुण्याचा सहावा अंश रक्षण करणाऱ्या राजास मिळतो आणि रक्षण न करणाऱ्यास तिच्या पापाचा सहावा अंश भोगावा लागतो, असे मनुस्मृती सांगते. चोरीस गेलेला माल राजाने मिळवून परत द्यावा, असाही तिचा दंडक आहे. राजाने स्वतः चोरी केली नाही, हे तेथे निमित्त चालत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या अधिकाऱ्यास ‘नागरिक’ म्हटले आहे. त्या प्रकरणात रात्री घडलेला अनर्थ वर न कळविणाऱ्या रक्षकास आणि कामात हयगय करणाऱ्यास दंड सांगितला आहे. म्हणजे घडलेले लपविणे हाच तेथे स्वतंत्र अपराध. या दृष्टीने ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव होऊ शकत नाही. ठाऊक का नव्हते, हा पुढचा प्रश्न तो आपणच ओढवून घेतो.

आणि देवळात जाणाऱ्या आपल्या वाचकांस तर आणखी एका कोतवालाची ओळख आहे. काशीयात्रा करणारा विश्वेश्वराबरोबर कालभैरवाचेही दर्शन घेतो, कारण तो काशीचा कोतवाल. पुराणकथेप्रमाणे शिवाच्या आज्ञेनेच त्याने ब्रह्मदेवाचे पाचवे मस्तक छेदिले. तरीही ब्रह्महत्या त्याला चुकली नाही. ते कपाल त्याच्या हाताला चिकटले, भिक्षा मागत त्याला तीर्थोतीर्थी हिंडावे लागले, आणि काशीत कपालमोचनापाशी ते गळून पडल्यावरच तो मुक्त झाला. वरून आज्ञा होती, ही सबब देवांच्या कोतवालाने सांगितली नाही. हातातील कपाल सर्वांना दिसेल असे घेऊन तो फिरला. ज्याने स्वतःच्या कृत्याचा भार असा उघड वाहिला, त्यालाच क्षेत्राचे रक्षण सोपविले गेले, हा या कथेचा अर्थ आम्हांस फार मोलाचा वाटतो.

मनोधैर्य खचते, या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. जत्रेच्या रात्री, विसर्जनाच्या मिरवणुकीत, दंगलीच्या तोंडावर अठरा अठरा तास उभा राहणारा शिपाई आपण पाहतो. परंतु त्याचे मनोधैर्य नेमके कशाने खचते? अनर्थ झाला की एका शिपायास व एका फौजदारास निलंबित करावयाचे आणि वरच्याने पत्रक काढून मोकळे व्हावयाचे, या रीतीने. जो प्रमुख लोकांपुढे उभा राहून ‘जबाबदारी माझी’ म्हणतो, तो आपल्या शिपायाची पाठ राखतो.

तथापि प्रमुखास उत्तर मागणाऱ्यांनी त्याच्या पाठीमागचा हातही पाहिला पाहिजे. मर्जीने नेमलेला आणि मर्जीने बदलला जाणारा अधिकारी लोकांना उत्तर देईल कसा? सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह यांच्या खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी दिलेल्या निकालाचे मर्म हेच आहे. महत्त्वाच्या पदांवरील अधिकाऱ्यांना निदान दोन वर्षे स्थैर्य द्यावे, सरकारचा गैरवाजवी दाब दलावर येऊ नये, आणि कोठडीतील मृत्यूसारख्या गंभीर तक्रारींसाठी निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असावे, असे त्यात सांगितले. अधीक्षक व त्यावरील अधिकाऱ्यांच्या तक्रारीही तेथे नेता येतात. त्याच वर्षापासून कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करावी, असा कायदाही झाला. १७९१ साली पुण्यात जे दार नव्हते, ते आज कागदावर तरी आहे. ते गंजू न देणे आपल्या हाती आहे. त्या दारावर थाप मारणारा कोणी नसेल, तर नुसता कायदा काय करील?

टीका करणाऱ्यालाही धर्म आहे. आरोप करण्यापूर्वी घटना पडताळून पाहावी. अधिकाऱ्याची जात, भाषा, घरदार यांना हात लावू नये. त्याने कोणता निर्णय केला आणि कोणता केला नाही, तेवढेच विचारावे. उत्तर मिळाल्यास ते ऐकावे, पटल्यास तसे म्हणावे. आणि सर्वांत अवघड असे एक पथ्य आहे. जो आपला नाही, आपल्या पंक्तीस बसत नाही, कदाचित आपणांस आवडतही नाही, अशाच्या अंगावर काठी अन्यायाने पडली, तरी प्रश्न तितक्याच मोठ्याने विचारावा.

घाशीरामावर दगड टाकणाऱ्यांचा क्रोध खोटा नव्हता. परंतु त्या कोंडलेल्या माणसांचे प्राण त्याने परत आले नाहीत. पहिल्या वर्षी, पहिल्या चावडीवर, पहिल्या अनाथ फिर्यादीसाठी कोणी सभ्य शब्दांत विचारले असते आणि त्याला उत्तर देणे कोतवालास भाग पडले असते, तर कदाचित ते वाचले असते. आणि कदाचित घाशीरामही वाचला असता.