फळावर पोट असलेला माणूस

जमिनीच्या व्यवहारातला मध्यस्थ गीता वाचायला बसला की दुसऱ्या अध्यायातच अडतो. अधिकार कर्मावर, फळावर नाही, हे त्याला लहानपणापासून पाठ असतं. पण त्याचा अख्खा धंदा फळावर चालतो. रोगी बरा होवो न होवो, डॉक्टरची फी सुटत नाही. वकिलाला तारखेचे पैसे मिळतात, मास्तरला महिन्याचा पगार. आमचं तसं नाही. महिनोन्‌महिने गिऱ्हाईक गाडीत घालून पाळधी, नशिराबाद, सावदा, फैजपूर फिरवलं, उतारे काढले, मोजणीच्या दिवशी उन्हात उभे राहिलो आणि दुय्यम निबंधकाच्या दारात बोलणी फिसकटली, तर हाती काही नाही. खरेदीखत नोंदलं गेलं की मगच दलाली. अशा माणसाने फळाची आस सोडायची म्हणजे नेमकं काय करायचं? जळगावात हा धंदा करताना हा प्रश्न माझ्या मागे लागला, आणि आता नव्या पोरांना धंदा शिकवायची वेळ आल्यावर तो टाळता येत नाही.

शिकवायची वेळ आली तीही कायद्यामुळे. महारेरा, म्हणजे राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण, 2017 साली आलं, दलालांना नोंदणी लागली, आणि 2023 मध्ये प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. चाळीसगाव, पाचोरा, एरंडोल, अमळनेरची मुलंमुली त्या परीक्षेच्या निमित्ताने माझ्या ऑफिसात बसू लागली. चटई क्षेत्र कसं मोजायचं; पाचशे चौरस मीटरच्या वरचा आणि आठपेक्षा जास्त युनिटचा प्रकल्प नोंदवल्याशिवाय विकता येत नाही; नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही; गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीला व बांधकामालाच लावायचे. हे सगळं त्यांना येतं. माझ्या पिढीला यातलं काही कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही तलाठी कार्यालयाच्या ओट्यावर बसून जे ऐकलं त्यावर शिकलो. म्हणून या परीक्षेला नाक मुरडणाऱ्या माझ्या वयाच्या दलालांशी माझं पटत नाही.

पण परीक्षेच्या पलीकडे याच पोरांना आणखी एक शिक्षण मिळतं. हायवेवरच्या हॉटेलांत नेतृत्वविकासाच्या कार्यशाळा होतात. तिथून लाजरी पोरं धीट होऊन परततात, चारचौघांत बोलायला लागतात, हाताखालच्या माणसांना कामं वाटून द्यायला शिकतात. त्याचा मला आनंदच आहे. मात्र एक गोष्ट त्यांच्या मनावर फार खोल ठसवली जाते: जो सौदा मिटवतो तो पुढारी. गीतेचा श्लोकही त्याच दिशेने वापरला जातो, फळाची चिंता करू नका म्हणजे दडपण राहणार नाही, म्हणजे फळ लवकर मिळेल. हे ऐकून मला वाईट वाटतं. फळ हाती यावं म्हणून त्याच्याकडे न बघण्याची युक्ती शिकवायला कुरुक्षेत्रावर एवढा संवाद झाला नसावा.

माझं म्हणणं उलट आहे. जमिनीच्या धंद्यात माणूस पुढारी आहे की नाही हे तो सौदा मोडतो कसा यावरून कळतं.

सातपुड्याच्या पायथ्याला, यावलच्या बाजूची एक जमीन आमच्याकडे आली होती. विकणारा तयार, घेणारा पैसे घेऊन बसलेला, भाव दोघांनाही परवडणारा. सातबारा स्वच्छ होता. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीने जुने फेरफार मागवले आणि मागे मागे वाचत गेली. साठच्या दशकातल्या एका नोंदीत आधीचा खातेदार आदिवासी निघाला. आमच्या भागात अशी नोंद दिसली की हात थांबला पाहिजे, कारण तिच्यामागे मोठा इतिहास आहे. नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं तेव्हाची गोष्ट. शहाद्याच्या परिसरात भिलांच्या जमिनी सावकारीत आणि कागदांच्या खेळात गेल्या होत्या, अंबरसिंग महाराजांनी लोकांना उभं केलं होतं, 1972 साली शहाद्याला भूमुक्ती परिषद भरली. त्यानंतर 1974 मध्ये कायदे झाले. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊ नये म्हणून महसूल संहितेतलं 36-अ कलम आलं, आणि 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात झालेली हस्तांतरणं तपासून जमिनी परत देण्याचा कायदा झाला. आमच्या हातातली नोंद नेमकी त्या काळातली होती. चौकशी झाली होती की नाही, निकाल काय लागला, याचा एकही कागद फाइलीत नव्हता.

आम्ही इसार परत करायला लावला. घेणाऱ्याला सगळं समजावून सांगितलं, विकणाऱ्याचे बोल खाल्ले. गाडीत परतताना त्याच मुलीने विचारलं, “भाऊ, आपण नाही केला तर दुसरा कोणीतरी हा सौदा करीलच. मग जमीन वाचली कुठे? गेली ती फक्त आपली दलाली.”

हा प्रश्न हलका नाही. त्याला “आपलं मन स्वच्छ राहिलं ना” असं उत्तर देणं मला पटत नाही. मन स्वच्छ ठेवण्याचा खर्च ज्या मुलीच्या घरी पगारी माणूस नाही तिच्यावर टाकून मी मोकळा होऊ शकत नाही. पण तिच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली होती. घेणारा माणूस आता जाणता झाला होता. पुढच्या दलालाला तो ती नोंद दाखवणार. सौदा मोडणाऱ्याने कारण उघड सांगितलं तर ते कारण गावात फिरत राहतं.

या विचारात मला धुळ्याचा आधार वाटतो. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली. 21 फेब्रुवारीला सुरुवात झाली, 19 जूनला शेवट. रविवारी एक अध्याय. साने गुरुजी तिथेच कैदी होते, त्यांनी ती उतरून घेतली म्हणून आज आपल्या हाती पुस्तक आहे. ऐकणारी माणसं कोण होती हे मी पोरांना मुद्दाम सांगतो. घरदार, शेतीवाडी, धंदा मागे टाकून आलेली, ज्यांच्या जमिनींवर जप्ती येऊ शकत होती अशी ती माणसं. फळाचं काय, हा प्रश्न त्यांना चर्चेचा विषय नव्हता, दर भेटीच्या दिवशी तो घरच्यांच्या तोंडून समोर येत असणार.

त्या प्रवचनांत चौथ्या अध्यायाच्या निमित्ताने विनोबा विकर्माबद्दल बोलतात. बाहेर हातांनी चाललेलं काम आणि त्याच्या जोडीने आत चाललेलं मनाचं काम; दोन्हींचा मेळ बसला की कर्माचा भार उरत नाही, अशी त्यांची मांडणी आहे. मी ती माझ्या धंद्याला लावून बघतो. आमचं बाहेरचं काम म्हणजे कागद बघणं, जागा दाखवणं, दोन माणसांना एका भावावर आणणं. आतलं काम म्हणजे खरेदीखताच्या आदल्या रात्री फाइल पुन्हा उघडून स्वतःला विचारणं: उद्या हा सौदा मोडला आणि मला एक पैसा मिळणार नसला, तर या कागदांबद्दल माझं मत आज आहे तेच राहील का? ज्या दिवशी मत बदलेल असं वाटतं त्या दिवशी फाइलीत कुठेतरी खोट असते. हे प्रामाणिकपणे केलं तर फळाची आस सुटते असा माझा दावा नाही. आस राहतेच. पण कागद वाचणाऱ्या डोळ्यांवर तिचा पडदा येत नाही, आणि आमच्या धंद्यात निष्काम असण्याचा अर्थ मी एवढाच घेतो.

तरीही एकट्याच्या मनावर सगळं सोडणं मला धोक्याचं वाटतं. हे मला पुस्तकाने शिकवलं नाही, आमच्या मूळ गावाने शिकवलं. ते साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथे फड होते. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. शेकडो वर्षांची ती पद्धत. विश्वेश्वरय्यांनी 1884 साली मुंबई इलाख्यात नोकरी धरल्यावर त्यांची सुरुवातीची कामं पांझरेच्या या भागातच झाली, आणि पुढे नीरा कालव्यावर त्यांनी आणलेल्या ब्लॉक पद्धतीचं नातं जाणकार फडाशी जोडतात. यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू, कोणता कोरडा ठेवायचा हे पंच ठरवत. एका फडात एकच पीक. बहुतेकांची वावरं वेगवेगळ्या फडांत विखुरलेली, म्हणून पाणी कमी पडलं तर ते सगळ्यांनाच कमी पडे.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती त्यातली माणसांची रचना. शेतकऱ्याने स्वतः उठून बारं फोडायचं नाही. पाणी देणारा पाटकरी वेगळा, त्याच्यावर देखरेख करणारा हवालदार वेगळा, पिकाची राखण करणारा जागल्या वेगळा. त्यांचा मेहनताना सुगीला सगळ्या खातेदारांकडून धान्यात येई. कोणाच्या वावरात चार घागरी जास्त गेल्या म्हणून पाटकऱ्याच्या पदरात जास्त पडत नसे. माझे आजोबा म्हणायचे, “पानी फडनं शे, कोना एकलानं नही.” पाटकरी कोणी संत नव्हता. त्याने गीता वाचली असण्याचंही कारण नाही. पण त्याचं पोट एका शेतकऱ्याच्या पाटात अडकलेलं नव्हतं, म्हणून त्याला सरळ वागता येत होतं.

फडाचं गुणगान करताना एक सांगितलंच पाहिजे. ज्याला वावरच नव्हतं त्याला त्या पाण्यात वाटा नव्हता, आणि रात्रभर राखण करणारा बहुतेक वेळा अशाच घरातला असे. पुढे वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी आल्या, ज्याची मोटार त्याचं पाणी झालं आणि बरेच फड मोडकळीला आले. मला ती पद्धत परत आणायची नाही. तिच्यातली अक्कल हवी आहे.

कारण नुसतं हृदय पालटून भागत नाही, हे खुद्द विनोबांच्या पुढच्या कामातही दिसतं. 18 एप्रिल 1951 ला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केले आणि भूदान सुरू झालं. पायी हिंडून, मागून, देशभरात चाळीस लाखांहून जास्त एकरांची दानपत्रं जमली. माणसांच्या आतून एवढं दान निघावं ही माझ्या दृष्टीने विसाव्या शतकातली फार मोठी धार्मिक घटना आहे. पण जमिनीची मोजणी, तिची प्रत, फेरफार, ताबा, वाटप हे सांभाळणारे हात पुरेसे नव्हते. कितीतरी जमीन नापीक निघाली, कितीतरी कागदावरच राहिली. तिथे मोजणीदार आणि कागद वाचणारी माणसं हवी होती, म्हणजे आमच्यासारखीच. दान देणाऱ्याच्या पुण्याला आमच्या कारकुनी कामाची जोड मिळाली असती, तर ते पुण्य भूमिहीनाच्या वावरापर्यंत पोचलं असतं. म्हणून कागद वाचण्याला मी हलकं काम मानत नाही.

आणि नुसत्या रचनेनेही भागत नाही, याचा दाखला जळगावातच आहे. नव्वदच्या दशकात नगरपालिकेने गरिबांसाठी हजारो घरकुलं बांधायला घेतली. ठराव होते, निविदा होत्या, समित्या होत्या, सह्या होत्या. घरं मात्र मोठ्या संख्येने अपुरी राहिली, आणि 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने त्या प्रकरणात अनेक लोकप्रतिनिधींना शिक्षा सुनावल्या. प्रकरण पुढे वरच्या कोर्टात गेलं, त्यावर मी बोलत नाही. मला त्या अर्धवट भिंती दिसतात. ज्यांची नावं यादीत होती त्या बायामाणसांनी त्या भिंतींकडे बघत भाड्याच्या खोलीत वर्षं काढली असतील. सह्या करायच्या आदल्या रात्री फाइल कोणी उघडली होती का, हे विचारायला तिथे कोणतंही कलम नव्हतं.

म्हणून मी पोरांना दोन्ही एकत्र शिकवतो. सत्तर टक्क्यांचं वेगळं खातं मला फडाच्या पंचांच्या जातीचं वाटतं: बिल्डर चांगला असो वा नसो, पैसा त्याच्या हाताबाहेर. आमच्या ऑफिसात आम्ही दलालीचीही थोडी फोड केली आहे. जुने फेरफार काढणं, आखीव पत्रिका बघणं, जागेवर जाऊन हद्दी आणि रस्ता तपासणं, या कामाची ठरावीक फी आधी घेतो, सौदा होवो अथवा मोडो. ही फी कागद वाचणाऱ्याची. तिच्यातला एक पैसाही सौदा मिटवणाऱ्याकडे जात नाही, आणि मिटवल्यावर येणाऱ्या दलालीत कागद वाचणाऱ्याचा वाटा नाही. कागद बरोबर नाहीत असं वाचणाऱ्याने लिहून दिलं की मीही ते बदलू शकत नाही.

यावर यावलचे फेरफार वाचणारी ती मुलगी माझ्याशी अजून भांडते. ती आता भुसावळला स्वतःचं ऑफिस चालवते. तिचं म्हणणं असं की आधी फी देणारं गिऱ्हाईक म्हणजे आधीच पैसेवालं गिऱ्हाईक. रेल्वेतून रिटायर झालेला खलाशी, दीड गुंठ्यासाठी आयुष्यभराची बचत घेऊन आलेली विधवा, यांना ती फी जड जाते. मग ते फुकट फिरवणाऱ्याकडे जातात आणि तिथेच फसतात. म्हणून तिने अशा लोकांची फी माफ करून तिचा भार मोठ्या सौद्यांवर टाकला आहे. मी म्हणतो, मग तुझ्या कागद वाचणाऱ्याचं पोट पुन्हा मोठ्या सौद्यांवर आलं. ती म्हणते, आलं, पण एका सौद्यावर नाही, वर्षभराच्या सगळ्या सौद्यांवर. तुमच्या पाटकऱ्यालाही धान्य सगळ्या खातेदारांकडूनच येत होतं ना?

तिच्या हिशेबाच्या वह्या मी मागवून घेतल्या आहेत. दिवाळीनंतर आम्ही त्या घेऊन बसणार आहोत.