तट पाडावा की राखावा?

तटबंदीच्या जुन्या शहराचे सौंदर्य अधिक जाणवते ते ज्याला तेथे राहावयाचे नसते त्याला. तट खरोखर उपयोगाचा होता त्या काळी त्याला कोणी रमणीय म्हटले असेलसे वाटत नाही. वेस बंद झाल्यावर बाहेर राहिलेल्या वाटसरूला तर तो शत्रूच भासला असेल. भय सरले तेव्हा मोह उपजला. या मोहापायी जिवंत माणसांनी हवेची व रस्त्याची अडचण का सोसावी?

इटलीतील फ्लॉरेन्सने या प्रश्नाचे उत्तर रोखठोक दिले. १८६५ साली नव्या राष्ट्राची राजधानी तेथे आली आणि पोजी या स्थापत्यविशारदाने अर्नो नदीच्या उत्तरेचा, चौदाव्या शतकात पुरा झालेला तट पाडून रुंद रस्ते काढले. काही वेशी तेवढ्या राखल्या. १८७१ मध्ये राजधानी रोमला गेली; तट मात्र परत आला नाही.

याच धामधुमीच्या काळात, ३० नोव्हेंबर १८७० रोजी, विलायतेहून परतणारे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज तेथे निवर्तले. वय अवघे वीस. अर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले व १८७४ मध्ये त्या स्थळी अर्धपुतळ्यासह छत्री उभी राहिली. पुढे १९७८ साली जवळच झालेल्या पुलालाही लोक ‘हिंदी माणसाचा पूल’ या अर्थाच्या नावानेच ओळखू लागले. परक्या राजाच्या छत्रीचा त्या नगराला उपयोग तो कोणता? आपला तट ज्याने निरुपयोगी म्हणून पाडला, त्यानेच ही निरुपयोगी वस्तू जपली! उपयोगाचे माप सर्वत्र लावणे माणसाला जमत नाही, आणि जमू नये हेच बरे.

कोल्हापुरातही वेशी गेल्या. गंगावेस, रंकाळा वेस, वरुणतीर्थ वेस ही नावे उरली. नावात स्मृती असते हे खरे, पण ती ऐकणाऱ्याला अडवीत नाही. आरोग्य व रहदारी यांची निकड मला मान्य आहे. तथापि रस्ता चुकला तर तो पुन्हा आखता येतो, पाडलेला तट पुन्हा बांधला तर ती केवळ नक्कल होते. पाडणारा आपल्यापुरताच निर्णय घेतो असे मानतो. वस्तुतः तो नातवंडांचाही निर्णय उरकून टाकतो, आणि त्यांना विचारण्याची सोय नसते.

बिंदू चौकात तटाचा एक तुकडा अद्याप उभा आहे. त्याच्या कडेने जाणारे मूल बोट दाखवून ‘हे काय?’ असे विचारू शकते. गंगावेशीत तसे बोट दाखवण्याजोगे काही नाही.