नसलेल्या वासाचा अंमल

अकोल्याहून मुंबईकडे निघालेली गाडी पारस मागे टाकून पुढे सरकू लागली, की डब्यातील काही उतारूंच्या मुद्रेवर एक चमत्कारिक अस्वस्थता उमटू लागते. शेगाव अद्याप दूर असते, तेथील प्रसिद्ध कचोरीचा कणही दृष्टीस पडलेला नसतो, आणि तरीही तळणीचा व मसाल्याचा खमंग दरवळ मनातल्या मनात असा काही उसळतो, की घरून पोटभर जेवून निघालेला भला गृहस्थही खिशातील सुटे पैसे चाचपू लागतो. समोरच्या बाकावरील दुसरा उतारू, कचोरी त्यालाही तितकीच प्रिय असून, स्थानक येईपर्यंत खुशाल पेंगत बसतो. पहिल्याला आपण खादाड म्हणून मोकळे होतो व दुसऱ्यास संयमी असल्याचा दाखला देतो. पण हा निकाल एकतर्फी आहे, असे आता मानावे लागेल.

अमेरिकेतील येल विद्यापीठात डेना स्मॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन 2023 साली 'नेचर मेटाबॉलिझम' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यातील युक्ती मोठी मार्मिक आहे. माणसास एका गंधाची कल्पना करावयास सांगावयाचे आणि त्याच वेळी निराळाच एक मंद गंध त्याच्या नाकाशी न्यावयाचा. ज्याची कल्पना बलवत्तर, त्याला तो खरोखरीचा गंध ओळखणे जड जाते, कारण मनातल्या वासाने नाकाची जागा आधीच अडवलेली असते. अशी 45 जणांची पारख केली, मेंदूची चित्रेही घेतली, तेव्हा ज्यांची गंधकल्पना तीव्र, त्यांची आवडत्या पदार्थांविषयीची ओढही तीव्र असल्याचे आढळले, आणि त्या ओढीच्या वाटेने वर्षभरात वजनात व शरीरातील चरबीच्या प्रमाणात झालेल्या बदलाशीही गंधकल्पनेचा संबंध लागला. संबंध अप्रत्यक्ष आहे, हे विसरू नये. कल्पना थेट मेद चढवीत नाही, ती आधी वासनेला चढवते.

हे आपल्याकडे कोणास ठाऊक नव्हते असे नाही. विषयाच्या चिंतनातून आसक्ती व आसक्तीतून काम उपजतो, ही परंपरा गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलेली आहेच. आणि निराहारी माणसाचे विषय सुटले तरी त्यांची गोडी सुटत नाही, हेही तेथेच आले आहे. नवरात्रात अंबादेवीच्या दर्शनाच्या रांगेत निरंकार उपवासाने उभ्या असलेल्या माणसास याचा अर्थ कोणी फोड करून सांगण्याची गरज नसते. देव नैवेद्याचा केवळ सुवास घेतो, अशी आपली एक जुनी समजूत आहे. त्यायोगे कोणा देवास मेदवृद्धी झाल्याचे मात्र ऐकिवात नाही. मर्त्याचे तसे नव्हे; अन्न आटले, की त्याचे मन अन्नाभोवतीच घुटमळते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 साली, मिनेसोटा येथे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांस त्यांच्या संमतीने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांतील कित्येकजण पाककृतींची पुस्तके भक्तिभावाने वाचू लागले होते.

मग कल्पनेला बंदी करावी काय? येथे मामला जरा उलटतो. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 2010 साली झालेल्या प्रयोगात, चॉकलेटच्या 30 गोळ्या एकेक करून खाल्ल्याची कल्पना ज्यांनी केली, त्यांनी समोर वाडगे आल्यावर, तीनच गोळ्यांची कल्पना करणाऱ्यांपेक्षा कमी खाल्ले. म्हणजे उंबरठ्यावरून परतणारी कल्पना भूक चेतवते, आणि शेवटच्या घासापर्यंत नेलेली कल्पना तिला निववते, असे निदान मला तरी वाटते. आणि अशा चेतलेल्या वासनेत आपण केवळ गर्भवतीच्या डोहाळ्यांस मान देतो. इतरांची हीच अवस्था जिभेचे चोचले म्हणून निकालात काढतो, हे काही न्यायाचे नव्हे.

45 माणसांच्या अनुभवावरून साऱ्या मानवजातीचा फैसला करणे धाडसाचे आहे, आणि वऱ्हाडी नाकाची साक्ष तर अद्याप नोंदवलीच गेलेली नाही. ती नोंदवावयाची, तर विलायती गंधकुप्यांचे काम नाही. चांदूर बाजार तालुक्यातील बहिरमची यात्रा गाठावी, जेथे ऐन थंडीत गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले जातात आणि चुलीवरच्या मातीच्या हंडीत मटण रटरटत असते. प्रयोगास माणसे हवी तितकी मिळतील. नुसती कल्पना करून उठावयास त्यांना राजी करणे, एवढेच काय ते अवघड.