दयेची पदरमोड

बीड जिल्ह्यात शाकाहाराचा प्रचार शहरातल्या कुठल्या संस्थेने आणलेला नाही. तो गावोगावच्या सप्ताहांतून, तुळशीच्या माळेबरोबर आला. काल्याचं कीर्तन आटोपलं की ज्याच्या मनाने घेतलं तो महाराजांपुढे जाऊन बसतो, माळ घालून घेतो आणि त्या दिवसापासून वशाट सोडतो. घरात त्याच्यासाठी वेगळं पातेलं निघतं. पाहुण्यांकडे कंदुरी असली तर त्याच्यापुरतं पिठलं-भाकरीचं पान बाजूला मांडलं जातं. त्याच्यावर कुणाचा हुकूम नसतो, की दंडाची भीती नसते. तो स्वतःच स्वतःला बांधून घेतो. प्राणिदयेचा विचार या मातीत कसा रुजला आणि पुढे कुठे अडला, हे पाहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

मुळं त्याहून जुनी आहेत. लीळाचरित्रात शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली लपतो आणि स्वामी त्या शिकाऱ्यांचंच मन वळवतात. चक्रधरांची अहिंसा सांगणाऱ्या महानुभावांचं पांचाळेश्वर हे तीर्थ गेवराई तालुक्यात गोदाकाठी आहे. विसाव्या शतकात पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटचे संत भगवानबाबा (१८९६–१९६५) बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात फिरले, लोकांना माळ घातली, देवापुढच्या पशुहत्येला विरोध केला. तिकडे विदर्भात गाडगेबाबांनी मुलीच्या बारशाला मटण-दारूचा रिवाज मोडून गोडाची पंगत घातली होती. या सगळ्यांची रीत एकच होती: आधी स्वतः सोडायचं, मग दुसऱ्याला हात जोडून सांगायचं. म्हणून तर नवसाच्या बोकडाच्या जागी नारळ आणि पुरणपोळी घरोघर स्वीकारली गेली.

तरीही माळेने ताटातला प्रश्न सोडवला, गोठ्यातला तसाच राहिला. वशाट सोडलेला शेतकरीही थकलेला बैल आठवडी बाजारात उभा करायचा आणि तो पुढे कुठे जातो हे विचारायचा नाही. शिवाय न खाणारा शुद्ध आणि खाणारा हलका, असा भेद या विचारात शिरला. मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम ज्यांच्यावर जातीने लादलं, त्यांच्या वाट्याला तेच मांस आलं आणि ते खातात म्हणून त्यांनाच हिणवलं गेलं. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितलं ते स्वाभिमानासाठी. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचलं की मराठवाड्यातली ही दुसरी पंगत लख्ख दिसते. तिची दखल न घेता शाकाहाराची थोरवी सांगू नये, असं मला मनापासून वाटतं.

हा विचार ताटातून गोठ्यात नेला तो शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीच्या एका घराने. शब्बीर सय्यद, पंचक्रोशीत शब्बीरमामू, हे कसायाच्या घरात जन्मले. वडिलांनी तो धंदा सोडला आणि जनावरं मारण्याऐवजी सांभाळायला घेतली. मामूंनी ते व्रत पुढे चालवलं, शंभराहून अधिक गायी-बैल पोसले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शेणखत विकून आलेला पैसा पुन्हा चाऱ्यालाच. बैल द्यायचा तर गरजू शेतकऱ्याला आणि तोही कसायाला न विकण्याच्या अटीवर.

या सेवेचं वजन हिशेबातच कळतं. दुष्काळातल्या चारा छावणीच्या मापाने मोठ्या जनावराला दिवसाला पंधरा किलो हिरवा चारा लागतो. शंभर जनावरांना दीड टन, तोही रोज. आणि हे अशा तालुक्यात, जिथे उन्हाळ्यात माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागते. त्यात शेण काढणं, पाणी पाजणं, आजारी जनावरापाशी रात्र काढणं आलंच. या घराने दयेसाठी पिढ्यान्‌पिढ्या पदरमोड केली, म्हणून तिला वजन आहे. याच तालुक्यात तागडगावला ‘सर्पराज्ञी’ हे जखमी वन्यजीवांचं केंद्र चालतं. तिथेही दया म्हणजे औषधपाणी, पिंजरे साफ करणं आणि बरं झालेलं जनावर पुन्हा रानात सोडणं.

मार्च २०१५ पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. जे माळेने मागून घेतलं होतं, ते कायद्याने फर्मावलं. कत्तल थांबवायला सांगितलं, पण वैरण कुणी घालायची हे सांगितलं नाही. थकलेला बैल विकून नव्या जोडीच्या किमतीत भर घालणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या गळ्यात तो भार पडला. २०१९च्या दुष्काळात छावण्या उघडल्या, मोठ्या जनावराला दिवसाला शंभर रुपये, लहानाला पन्नास असा दर झाला. पाऊस पडला की छावणी उठते आणि म्हातारा बैल परत त्याच दावणीला येतो. २०२४ मध्ये सरकारने गोशाळांना देशी गायीमागे दिवसाला पन्नास रुपये जाहीर केले. दारात बैल सांभाळणाऱ्या कुणब्याला त्यातलं काही मिळत नाही.

शाळेतल्या अंड्याचं असंच झालं. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं. न खाणाऱ्या मुलांना केळं किंवा दुसरं फळ होतंच. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा पैसा बंद केला. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या, आजीच्या हाताखाली वाढणाऱ्या पोराच्या ताटातून अंडं काढून कुठल्या जिवावर दया केली? ज्याने काही सोडायचं ठरवलंच नव्हतं, त्याच्याकडून ते हिसकावून घेतलं, इतकंच.

मला शाकाहार हवा आहे, तो वाढायला हवा आहे. पण त्याची झळ सांगणाऱ्याने सोसली, तेव्हाच तो या जिल्ह्यात वाढला. दुसऱ्यावर ढकलली तेव्हा त्याची सक्ती झाली. म्हणून प्रचार करणाऱ्यांकडे माझं मागणं साधं आहे. सप्ताहाच्या वर्गणीतला एक वाटा वैरणीला काढा. सुगीतच कडबा विकत घेऊन गावाची गंज लावा, पाण्याचा हौद बांधा, म्हाताऱ्या बैलाच्या मालकाला महिन्याचा चारा पोहोचवा. कुणाच्या घरात काय शिजतं ते विचारू नका. एवढं केल्यावर कुणी माळेबद्दल विचारलंच, तर जरूर सांगा. तुमचं सांगणं तेव्हा तो मनावर घेईल.