नमुना सात आणि नमुना बारा

सातबारा हा एकच उतारा दिसत असला, तरी त्यात दोन कागद आहेत. गाव नमुना सातवर जमिनीचा मालक असतो, तर नमुना बारावर पीक असते. करोनाकाळात शेतकऱ्याच्या खात्यावर थेट आलेली मदत पहिल्या कागदावरून वाटली गेली. नुकसान मात्र दुसऱ्या कागदावरचे होते.

२५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी केंद्राने १ लाख ७० हजार कोटींचे गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यात किसान सन्मान निधीचा दोन हजारांचा हप्ता एप्रिलच्या सुरुवातीलाच ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना देण्याचे ठरले. ही रक्कम नवी नव्हती. वर्षाला सहा हजार देणारी ही योजना फेब्रुवारी २०१९ मध्येच सुरू झाली होती. येणारा हप्ता लवकर आला, एवढेच.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंडमध्ये टाळेबंदीची झळ सर्वांना सारखी बसली नाही. कालव्याच्या आणि भीमेच्या पाण्यावर उसाला कारखाना किंवा गुऱ्हाळ ठरलेले असते. पाबळ-केंदूरच्या जिरायत पट्ट्यात तसा आधार नाही. त्या उन्हाळ्यात कांदा काढणीला आला होता आणि पुण्यातला गुलटेकडीचा बाजार अधूनमधून बंद राहत होता. हॉटेले आणि मिठाईची दुकाने बंद पडल्याने दुधाचा उठाव घटला. राज्य सरकारने रोज दहा लाख लिटर जादा दूध २५ रुपये दराने घेऊन भुकटी करण्याची योजना आणली, पण ती सहकारी संघांमार्फत होती. खासगी डेअरीला दूध घालणाऱ्याला तिचा थेट आधार नव्हता.

हप्ता सर्वांना एकच, मग जमीन एक एकर जिरायत असो की दहा एकर बागायत. याचे समर्थन करता येते. पंचनामे करत बसले असते तर महिने गेले असते. संकटात तयार यादी हाच जलद मार्ग असतो. प्रश्न त्या यादीत कोण नव्हते, हा आहे.

वाट्याने किंवा खंडाने जमीन कसणारा तिच्यात नव्हता. बी-बियाणे आणि मजुरीत त्याचा पैसा अडकलेला होता, पण जमीन त्याच्या नावावर नव्हती. त्याचे नाव कागदावर येत नाही, यामागे जुने कारण आहे. १९४८ च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कुळे मालक झाली. तेव्हापासून जमीनमालक व्यवहार तोंडीच ठेवतो. कसणाऱ्यासाठी केलेल्या कायद्याच्या धाकानेच आजचा कसणारा कागदाबाहेर राहिला. नवऱ्याच्या नावावरची जमीन राबवणारी बाई, वारस नोंद रखडलेली विधवा आणि शेतमजूर यांचीही गत तीच. जनधन खाते असलेल्या स्त्रियांना तीन महिने पाचशे रुपये मिळाले आणि शिधापत्रिकेवर मोफत धान्य आले. पण ती मदत गरीब म्हणून होती, शेती करणारी म्हणून नव्हे.

उलट बाजूही आहे. प्राप्तिकर भरणारे, बहुतेक सरकारी नोकर, डॉक्टर, वकील किसान सन्मान निधीला अपात्र आहेत. तरी जुलै २०२१ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार देशभरात ४२ लाखांहून अधिक अपात्रांना सुमारे तीन हजार कोटी रुपये गेले होते. वसुलीच्या नोटिसाही निघाल्या. पात्रता बरीचशी शेतकऱ्याच्या स्वयंघोषणेवर उभी होती. तेव्हा हा दोष केवळ तपासणीचा नाही. जमीन नावावर आहे हे खरे सांगून पगाराबद्दल गप्प राहणे, हीही खोटी घोषणाच.

यात दोन कर्तव्ये दिसतात. घेणाऱ्याने आपण यादीत का आहोत हे स्वतःला विचारायचे, आणि जमीनमालकाने हप्ता आपल्या खात्यावर आला तरी तोटा वाटेकऱ्याचाही झाला हे हिशेबात धरायचे. शासनाचे काम वेगळे आहे. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पीक नोंदवतो. कूळहक्काचा वाद न उद्भवता त्यात कसणाऱ्याचीही नोंद होऊ लागली, तर पुढच्या संकटात मदत नमुना बारा पाहूनही देता येईल.